पाठमोऱ्या विमानाचा कौल

माझ्या थोरल्या बहिणीचे मालक साहेबराव, म्हणजे आमचे दाजी, आयुष्यभर विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेशी झटत राहिले. इंजिनाची ते पत्रास ठेवत नसत. पायलटबद्दल विचारलं तर ‘तो बसतो पुढं’ एवढंच सांगत. पुण्यात विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि तिथं त्यांच्या वाट्याला पंखांचे फ्लॅप आले. त्यांच्या गावातल्या, आंबवड्यातल्या, निम्म्या लोकांना वाटायचं, साहेबराव विमान चालवतात. तो गैरसमज दूर करायची दाजींनी फारशी घाई केली नाही, हे मी मेव्हणा म्हणून सांगू शकतो.

फ्लॅप म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला लग्नाच्या पंगतीत, साखरपुड्यात, एकदा तर सावडायला गेलो होतो तिथंही समजावलं आहे. विमान उतरायला लागलं की वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की पंख त्याला पेलत नाही. म्हणून पंखाच्या मागच्या कडेतून एक लांबरुंद फळी खाली उतरवतात. पंख तेवढ्यापुरता मोठा होतो, वाकतो, आणि विमान हळू असूनही तरंगत राहतं. ही फळी म्हणजे फ्लॅप. आता ती फळी नुसती बिजागरीवर लोंबत नाही. तिला ढकलायला दांडे असतात, दांड्यांना कोपरासारखे वळणारे सांधे असतात, त्यांना लिंक म्हणतात. इथं आले की दाजी शर्टाची बाही वर सारायचे आणि स्वतःचा हात कोपरातून दुमडून, उघडून दाखवायचे. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: दोन्हीकडचे फ्लॅप एकदम उतरले पाहिजेत, एक उतरला आणि एक राहिला तर विमान कुशीवर पडतं.

निवृत्त होऊन गावी आले तरी हात स्वस्थ बसेनात. कोंबड्यांच्या खुराड्याला त्यांनी लिंका लावून असं दार केलं की एक दांडी ओढली की दार आधी बाहेर यायचं आणि मग खाली जायचं. कोंबड्या आठवडाभर आत जायला तयार नव्हत्या. अक्का, म्हणजे माझी बहीण भामाबाई, म्हणाली की कोंबड्यांना घरात जायचंय, त्यांना उतरवायचं नाहीये.

मी कामथडीला राहतो आणि जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पुढचं लिहिताना त्यामुळे माझीच मला लाज वाटते. पण जे मी पाहिलं ते पाहिलं.

शिवऱ्याला हायवेला लागून प्रेम नावाच्या तरुणाचं हॉटेल आहे. हायवेवर हॉटेलं ढिगानं, तेव्हा गिऱ्हाईक थांबावं म्हणून काहीतरी निराळं हवं, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं भंगारात निघालेलं एक विमान विकत घेतलं. पोटात टेबलं टाकून लोकांना जेवायला घालायचं, असा बेत. विमान ट्रेलरवरून तुकड्यातुकड्यांनी आलं. पंख मुळापासून कापलेले होते. ते जोडायला माहीतगार माणूस हवा म्हणून प्रेम आंबवड्याला येऊन दाजींच्या पाया पडला, आणि दाजी असे निघाले की अक्का म्हणाली, नवरदेवसुद्धा इतक्या घाईनं जात नाही.

क्रेन आत वळेना म्हणून विमान उलटं उभं राहिलं. नाक डोंगराकडे, शेपूट हायवेकडे. त्यामुळे येणाऱ्या माणसाला आधी विमानाची पाठ दिसते आणि पंखांची मागची कडही. दाजींना तेच बरं वाटलं. फ्लॅप चालवणारी मोटर, दांडे, सगळं भंगारवाल्यानं आधीच काढून विकलं होतं. राहिल्या होत्या फक्त लिंका. दाजींनी दोन्ही फ्लॅप वर ढकलून तारेनं बांधून टाकले आणि घरी आले.

नंतर त्यांनी मला सांगितलं की तार बांधताना डाव्या पंखात मोटर चालल्यासारखी घरघर ऐकू येत होती. हायवेवरचा ट्रक असेल, मी म्हणालो. असेल, ते म्हणाले. दाजी सहसा माझं पहिल्या फटक्यात कबूल करत नाहीत.

पावसाळ्यात तारा गंजून तुटल्या आणि फ्लॅप सुटे झाले. मग रोज संध्याकाळी दोहोंपैकी एखादा हळूहळू खाली उतरायचा. सकाळी वेटर बांबूनं तो वर ढकलून ठेवायचे. सांध्यातल्या घर्षणावर जेवढा टिकेल तेवढा टिकायचा, उन्हानं, वाऱ्यानं, ट्रकच्या हादऱ्यानं सुटायचा. यात काही विशेष नव्हतं. विशेष झालं ते फुलाबाईंमुळे.

फुलाबाई वेल्ह्याकडच्या वरच्या वाडीतल्या, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या. प्रेमच्या हॉटेलला बोकड द्यायला यायच्या. एका संध्याकाळी त्या शेपटाशी बसल्या होत्या. वाडीला परत जावं की रात्र खालीच पाहुण्यांकडे काढावी, असा विचार चालला होता. आता भैरवनाथाला कौल लावायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलं चिकटवायची, मनात प्रश्न धरायचा. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फुलाबाईंनी मनात धरलं, खाली राहू का? आणि उजवा फ्लॅप खाली आला. त्या राहिल्या. त्याच रात्री वाडीत बिबट्या शिरला आणि त्यांच्या झोपडीच्या दारातून शेळी नव्हे, राखणीला निजलेल्या शेजारणीला ओढून नेलं. बाई वाचली, पण हात गेला.

झालं. पंधरवड्यात माणसं यायला लागली. मंगळवारी तर गाड्या लावायला जागा पुरेना. हा देव पाठमोरा, म्हणून त्याचा उजवा तोच आपला उजवा, हेही लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं. कुणी पंखाला हळद लावली, कुणी नारळ फोडला. प्रेमनं पंखाभोवती दोरी बांधली आणि थाळीचे प्रकार वाढवले. दाजी तावातावानं गेले, म्हणाले, दोन्ही फ्लॅपना बोल्ट मारून टाकतो, बंद करा हा तमाशा. प्रेमनं त्यांना चहा पाजला, खुर्ची दिली आणि बोल्ट मारू दिला नाही.

दाजींचा राग खरा होता. त्यांच्या वडलांनी घरातले देव विहिरीत सोडून दीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञा दाजींच्या घरात भिंतीवर आहेत आणि दाजींच्या तोंडातही. कौल हा शब्द त्या घरात नवऱ्यानं कधी काढला नाही. बायकोनं मात्र मनात ठेवला होता, हे मला माहीत होतं. आमच्या माहेरीही दीक्षा झालेली, पण आमची आई रानातल्या वाटेनं जाताना भैरवनाथाच्या कळसाकडे एकदा बघूनच पुढे जायची.

आणि नेमकं तेव्हाच अक्काचं दुखणं निघालं. तिला ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागायची. पुण्याला लेकीनं, सारिकानं, तपासण्या करवल्या. हृदयाची झडप आकसली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. केलं तर माणूस धडधाकट होईल. नाही केलं तर फार दिवस निघणार नाहीत. यात वादाला जागाच नव्हती. पण आमची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. आत जाताना तिनं अक्काच्या हातात बांगड्या काढून दिल्या होत्या, ‘आलेच’ म्हणाली होती. अक्कानं ऑपरेशनला नाही म्हटलं आणि मग महिनाभर कोणी काही बोललं तरी नाहीच म्हणत राहिली.

दाजी ओरडले, रुसले, समजूत काढली, जेवण सोडलं, परत जेवले. मीही बोललो. पण आईचं नाव निघालं की मीच उठून बाहेर जायचो, मी काय डोंबल तिला समजावणार? तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. ती गेली तर, या विचारानं मला वर्गात फळ्यापुढे उभं राहवत नव्हतं.

एका सकाळी अक्कानं चहा देता देता सांगून टाकलं की ती शिवऱ्याला जाऊन विमानाला विचारणार आहे. दाजी कप खाली ठेवून उभे राहिले. तिनं त्यांना बोलूच दिलं नाही.

“तुमीच म्हणता नव्हं त्यात देव न्हाई? नुसत्या लिंका हायेत म्हनून? मग लिंकंला इचारल्यावर माजी कुठली प्रतिज्ञा मोडती?”

दाजी परत खाली बसले. त्यांनी विचारलं, कधी जाणार? ती म्हणाली, बुधवारी, गर्दी नसते. दाजींनी पुन्हा विचारलं, बुधवारीच ना?

बुधवारी दुपारी त्यांनी मला फोन करून शिवऱ्याला बोलावून घेतलं. प्रेम पुण्याला गेला होता. दाजींच्या हातात पाना, एक बोल्ट आणि पातळ तारेचं वेटोळं होतं. काय करायचं ते त्यांनी मला नीट सांगितलं, आणि त्यांचा चेहरा चोरी करायला आलेल्या माणसाचा होता. उजव्या फ्लॅपच्या सांध्यातले बुश, म्हणजे आतल्या नळ्या, ढिले करून तेल सोडायचं, म्हणजे ऊन उतरलं की तो वाऱ्याच्या झुळकीनंही खाली येईल. डाव्याला बोल्ट मारायचा. जमिनीवर दुरुस्ती चालू असताना फ्लॅप जागचा हलू नये म्हणून लिंकला एक आणि पंखाला एक अशी भोकं असतात. फ्लॅप पुरता वर असला तरच ती दोन भोकं समोरासमोर येतात. त्यातून बोल्ट गेला की फ्लॅप वरच राहणार, हत्ती लोंबकळला तरी खाली येणार नाही.

“खोटं असलं म्हून काय झालं,” दाजी म्हणाले. “ती टेबलावर तरी जाईल.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते दाजींच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटलं. मी शिडी धरली. त्यांनी उजव्याचं काम उरकून डाव्याचा बोल्ट आवळला, वरून तार पिळून गाठ मारली, विमानाच्या कामात मारतात तशी, म्हणजे बोल्ट आपोआप फिरू शकत नाही. मग मला वर चढवून दाखवलं. मी तो बोल्ट हलवून पाहिला. तेव्हाच मला घरघर ऐकू आली. अगदी बारीक, पंखाच्या आतून, आणि शिडी धरलेल्या दाजींनी वर बघितलं त्यावरून त्यांनाही ती ऐकू येत होती. हायवेवर त्या क्षणी एकही गाडी नव्हती. हॉटेलची कुत्री उजव्या पंखाच्या सावलीत पडली होती. डाव्या पंखाची सावली तेवढीच गार, तेवढीच मोठी, पण तिथं एकही कुत्रं नव्हतं.

संध्याकाळी अक्का रिक्षानं आली. हातात फूल नाही, नारळ नाही. शेपटाशी जाऊन उभी राहिली, दम खाल्ला, डोळे मिटले. आम्ही दोघं तिच्या मागे. डोंगराआड ऊन गेलं होतं, अजून उजेड होता. वारा पडला. उजवा फ्लॅप सांध्यातून एकदा कुरकुरला आणि मी मनात म्हणालो, चल, ये आता.

तो आला नाही. घरघर सुरू झाली, दुपारच्यापेक्षा मोठी, पायाखालच्या मातीत जाणवेल अशी. आणि डावा फ्लॅप उतरायला लागला. सुटून पडला नाही, उतरला. एका गतीनं, आधी मागे सरकून मग खाली, जसा विमान धावपट्टीकडे येताना मोटरनं फ्लॅप उतरतो तसा, पुरता खाली जाऊन टक्क असा आवाज करून थांबला. घरघर बंद झाली. दाजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. ते पुटपुटत होते, कुशीवर पडतंय, कुशीवर पडतंय. मी घाबरलो होतो, आणि त्याहून जास्त मला हे दिसत होतं की डावा पडला, म्हणजे नाही, म्हणजे अक्का आता जाणार नाही. आम्ही शहाणपणा करायला गेलो आणि तिला मारून बसलो.

अक्कानं डोळे उघडले. फ्लॅपकडे बघितलं आणि हसली.

“चला,” ती म्हणाली. “सारिकाला फोन लावा. ऑप्रेशनची तारीख घ्यायला सांगा.”

दाजी कसेबसे म्हणाले, “आगं, डावा पडला.”

“व्हय, डावाच. म्या इचारलं, मी टेबलावर मरनार हाय का? त्यो न्हाई म्हनाला.”

ती रिक्षाकडे चालायला लागली. दाजी तिथंच मातीत बसले. उजवा पडला असता तर काय झालं असतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. आम्ही जो कौल तिच्यासाठी तेल घालून तयार ठेवला होता, तो तिला सांगणार होता की हो, तू मरणार आहेस.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात आम्ही शिडी लावली. आधी दाजी चढले, मग मी. बोल्ट जागेवर होता. तारेची गाठ दाजींनी पिळली होती तशीच होती. आणि फ्लॅप पुरता खाली होता. म्हणजे ती दोन भोकं आता समोरासमोर नव्हतीच, हातभर लांब गेलेली असायला हवी होती, आणि तरी त्यातून सरळ बोल्ट गेलेला होता. मी बोटानं चाचपून पाहिलं. बोल्ट वाकलेला नव्हता, भोक फाटलेलं नव्हतं. मी ते पाहत असताना मला त्याचा अर्थ लागत नव्हता आणि आजही लागत नाही. दाजींनी पाना खिशातून काढला आणि परत खिशात ठेवला. खाली उतरल्यावर म्हणाले की याला आता कोणी हात लावू नये. तसं त्यांनी प्रेमलाही सांगितलं. सांध्यात काहीतरी तुटलंय, माणसाच्या डोक्यात पडेल, असं सांगितलं. तेव्हापासून डावा खालीच आहे, बांबूनंही वर जात नाही. एकच उत्तर देणाऱ्याकडे कोण येणार? लोकांचं येणं महिन्याभरात थांबलं.

ऑपरेशन झालं. दाजी बाकावर हातांची घडी घालून बसले होते. मी त्यांना विचारलं, भीती वाटते का? ते म्हणाले, वाटते, पण भामासाठी नाही, त्या बोल्टची. अक्का बाहेर आली ती शुद्धीवर आल्याआल्या पाणी मागतच आली.

आता ती ओट्याच्या पायऱ्या दिवसातून पन्नास वेळा चढते-उतरते, कधी कधी काम नसतानाही. परवा मी आंबवड्याला गेलो होतो. तिघं ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. दाजींच्या मनात ते खूप दिवस सलत होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून एकदाचं सांगायला सुरुवात केली, की त्या बुधवारी आपण एक गोष्ट केली होती.

“उजवा ढिला केला हुता,” अक्का शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. “ठावं हाय मला.”

तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं महिनाभर आकांडतांडव केलं त्यानं बुधवारी तिला अडवलं नाही, उलट वार दोनदा विचारून घेतला, तेव्हाच तिनं ओळखलं होतं. मी विचारलं, मग गेलीसच कशाला?

“ह्यांचा कौल मला पाठ हुता. मला त्याचा पायजे हुता,” ती म्हणाली. “म्हून म्या प्रश्न उलटा धरला. चांगलं व्हायचं आसंल तर डावा पडू दे, जिकडं ह्यांचा हात लागला न्हाई.”

“आणि उजवा पडला असता तर?”

“तर गेले नसते.”

ते तिनं शेंग सोलता सोलता सांगितलं. दाजींचे हात थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्यालाच तर त्यांनी बोल्ट मारला होता, आणि ते जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. ते म्हणाले, “भामे, डाव्याला...”

“काय डाव्याला?”

तिचा चेहरा भरला होता, ओठ लाल होते, आणि ती मान वर करून नवऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होती.

“काय न्हाई,” दाजी म्हणाले. “शेंगा दे हिकडं.”